जुना पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज), काळी संडास, स्कोपी (पोटाची दुर्बिणीची तपासणी) नॉर्मल. घरी सोडावं का?

जत_फिजिशियन
वय ४२, दारूमुळे जुना पॅन्क्रियाटायटिस, स्वादुपिंडाच्या शेपटाशी ५ सेंमीची सिस्ट (द्रवाची पिशवी). आठवड्यात दोनदा डांबरासारखी (रक्ताची) संडास, दोन्ही वेळा आधी वर पोटात कळ. हिमोग्लोबिन ११ वरून ७.८. नाडी १०४, बीपी ११०/७०. सांगलीत केलेली स्कोपी नॉर्मल. नातेवाईक म्हणतात, थांबलंय तर घरी नेतो.

मिरज_रेडिओलॉजी
सर, सोडू नका. या आजारात रक्त मधे मधे थांबतंच, आणि तिथेच माणूस फसतो. एन्झाइमने धमनीची भिंत खाल्ली की स्यूडोॲन्युरिझम (धमनीला आलेली रक्ताने भरलेली गाठ) तयार होतो. बहुतेकदा स्प्लेनिक आर्टरीचा (प्लीहेच्या धमनीचा), त्याखालोखाल गॅस्ट्रोड्युओडिनल धमनीचा. रक्त स्वादुपिंडाच्या नळीतून ड्युओडिनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीला) उतरतं. गुठळीने नळी तुंबली की कळ, गुठळी सुटली की काळी संडास. साध्या स्कोपला ती नळी उघडते ती जागा नीट दिसत नाही, साइड-व्ह्यूइंग (बाजूला बघणारा) लागतो. आणि त्या क्षणी रक्त येत नसेल तर त्यातही काही सापडत नाही.

सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी) करा: साधी, आर्टेरियल (धमन्यांची), व्हीनस (शिरांची), तिन्ही फेज. तोंडाने कॉन्ट्रास्ट (सीटीत उठून दिसणारं औषध) अजिबात नको, आतड्यातलं रक्त त्यात झाकलं जातं. गाठ दिसली की कॉइल (तारेची गुंडाळी) घालून धमनी बंद करा, पण गाठीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे. गॅस्ट्रोड्युओडिनल फक्त अलीकडून बंद केली तर सुपीरियर मेसेंटेरिककडून (आतड्याच्या धमनीकडून) उलट रक्त येऊन गाठ भरतच राहते.

कऱ्हाड_सर्जन
त्याआधी स्वादुपिंडाजवळच्या त्या सिस्टमध्ये कुणालाही सुई किंवा ड्रेन घालू देऊ नका. आतला दाब उतरला की धमनी मोकळी सुटते.

मिरजेला निघताना दोन्ही हातांत १६ किंवा १८ नंबरचे कॅन्युला, क्रॉसमॅच करून (रक्त जुळवून) रक्ताच्या ४ पिशव्या. हिमोग्लोबिन ७ खाली गेल्यावर रक्त, हा नियम स्थिर पेशंटचा. धो धो वाहत असेल तर रिपोर्टची वाट कसली बघता? सलाइनचा मारा नको. ट्रॅनेक्सॅमिकची (रक्तस्राव थांबवायच्या औषधाची) सवय सोडा: २०२० च्या हॉल्ट-इट चाचणीत पोटातल्या रक्तस्रावाचे मृत्यू त्याने कमी झाले नाहीत, शिरांमधल्या गुठळ्या मात्र वाढल्या.

१०८ ला फोन करताना ॲडव्हान्स गाडीच (जीवरक्षक उपकरणांची) मागा. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, पण 'कॅथलॅब आहे का' एवढंच विचारून भागत नाही. एम्बोलायझेशन (आतून धमनी बंद) करणारा माणूस आज रात्री हजर आहे का, ते विचारा.

जत_फिजिशियन
सीटीत गाठ नसून स्प्लेनिक व्हेनच (प्लीहेची शीर) बंद निघाली तर?

सांगली_गॅस्ट्रो
मग फंडसमधले (जठराच्या वरच्या भागातले) व्हॅरिसेस (फुगलेल्या शिरा) शोधा. लिव्हर चांगलं असूनही ते होतात. स्कोप मागे वळवून फंडस पाहिला होता का, हे रिपोर्टवर बघा. फंडसला रबर बँड नव्हे, ग्लू (शीर बुजवणारा गोंद). सोबत टर्लिप्रेसिन (शिरांमधला दाब उतरवणारं औषध), हृदयविकार नसेल तर. पुन्हा रक्त आलं तर स्प्लीन (प्लीहा) काढणं हा पक्का उपाय. ठरवून काढणार असाल तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिबच्या (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) लसी निदान २ आठवडे आधी; तातडीत काढली तर साधारण १४ व्या दिवशी. डिस्चार्जच्या गडबडीत नेमकं हेच राहतं.