अनुभव धागा : थंडी, पाखरं आणि कॅमेरा

घटप्रभाकाठ : गोकाकला पाहुण्यांकडे आलोय. आज पहाटे दूध आणायला बाहेर पडलो तर डोक्यावरून "कुर्रर्र कुर्रर्र" करत रांग गेली. धुक्यात दिसलं काहीच नाही, पण आवाज पक्का ओळखीचा. करकोचे!

धुपदाळच्या जलाशयावरचा माझा पहिला हिवाळा आठवला. लांबचं टिपणारी नवी १५०-६०० लेन्स, अंगात उत्साह, थेट पाण्याच्या कडेला चालत गेलो. सगळा थवा उठला. जाळं टाकणारे एक काका म्हणाले, "कुंद्री सर, कुंद्री." बसा म्हणे. दुसऱ्या दिवशी सहालाच बांधाआड बसलो. करकोचे शेतात चरायला गेलेले. दहाच्या सुमारास परत आले आणि माझ्यापासून पन्नास पावलांवर पाणी प्यायला उतरले. नर-मादीच्या मधोमध राखी डोक्याचं यंदाचं पिल्लू! मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेलं पोर पहिला हिवाळा आईबापाला सोडत नाही. तो फोटो आजही भिंतीवर आहे. तुमचेही अनुभव लिहा.

शाळूवाला : आमच्याकडं भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना. शाळू हुरड्यात आला की ढगासारख्या उतरतात. आजा गोफण घेऊन माळ्यावर उभा असायचा, मी खाली पत्र्याचा डबा वाजवत. आता पोरगा मोबाईलवर त्यांचा व्हिडिओ काढतोय. संध्याकाळी थवा वळतो ना, काळ्याचा गुलाबी होतो. नुकसान होतंय, खरंय. पण किडेही खातात, तेवढं पण लिहा.

मलप्रभा_खानापूर : मी परवा दव पडलेल्या गवतात दोन तास झोपून परीट पक्षी कॅमेऱ्यात टिपला. घरी आले, आईला दाखवायला गरम स्वयंपाकघरात कॅमेरा काढला तर लेन्सवर वाफच वाफ. पिशवी तासभर बंदच ठेवायची, मग उघडायची. कुणीच सांगितलं नव्हतं मला.

निपाणीचा : @मलप्रभा_खानापूर ताई, धुळीच्या ब्लोअरनं पुसू नका हां, वाफ आपोआप जाते. परीट शेपटी हलवत होता का? की नुसता फुगून बसलेला?

मलप्रभा_खानापूर : फुगून. पिसांत हवा धरून ऊब करतात म्हणे. ऊन आल्यावर मग शेपटी सुरू.

हुक्केरी_राऊंड : माझा खाटीक पक्षी. त्यानं बाभळीच्या काट्यावर नाकतोडा टोचून ठेवला, मी फोटो काढला, निघालो. दुपारी परत त्याच वाटेनं आलो तर तोच नाकतोडा खायला हजर. माझ्याकडं दोन्ही फोटो हायेत, पण नेट नाही, रात्री टाकतो.

किल्लेतळं : जांबोटीच्या बाजूला एकानं मोबाईलवर माशीमार पक्ष्याचा आवाज लावला. पाखरू धावून आलं, भांडायला शत्रू शोधत फांद्या पालथ्या घातल्या. फोटो मस्त मिळाला त्याला. मला वाईट वाटलं. थंडीत खाऊन जमवलेली ताकद आपण अशी खर्ची घालायला लावायची? गाडीतून उतरू नका, काच खाली करा, पुरे. गाडीला ते माणसाएवढं घाबरत नाहीत.

निपाणीचा : +१. मी पण एकदा केलं होतं. आता नाही करत.

माळावरची_सून : लेकरू झोपलंय, पटकन लिहिते. सासऱ्यांच्या हरभऱ्यावर भोवत्या (शिकारी पक्षी) फिरतो, एवढ्या खालून की घाटे हलतात. फोटो एकच, तोही हललेला. शटर किती ठेवू?

घटप्रभाकाठ : वहिनी, १/२००० ठेवा, आयएसओ वाढू दे. फोटोत दाणे दिसले तरी चालतील, पंख तरी धारदार येईल. आणि तो बांधाबांधानं एकाच वाटेनं येतो, पुढच्या फेरीची वाट बघा.

किल्लेतळं : धुपदाळला कसं जायचं?

घटप्रभाकाठ : घटप्रभा स्टेशनला उतरा, पुढं रिक्षा. तिथलं घटप्रभा पक्षी अभयारण्य १९७४ पासून आहे, सगळ्यांना माहीत. उन्हं चढायच्या आत पोचा.

शाळूवाला : आणि येताना करदंट मिठाई आणा, गोकाकचाच!