इंग्लंडच्या वर्कहाऊसमध्ये गेलेलं मूल: दारापासून कामाला लागेपर्यंत नेमकं काय घडायचं?

दप्तरी

व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या निराधार मुलांवर एक दीर्घलेख लिहितो आहे. १८३४ चा गरिबांचा कायदा, पॅरिशी (चर्चच्या हद्दीवरून पडलेले स्थानिक विभाग) एकत्र करून केलेल्या युनियन, त्यांवरची गार्डियन मंडळं (गरिबांच्या मदतीचा स्थानिक कारभार पाहणारी) आणि त्यांची वर्कहाऊस (निराधारांना आत ठेवून कामाला लावणाऱ्या संस्था) एवढा सांगाडा तयार आहे. मुलाच्या बाजूनं पाहू लागलं की मात्र माहिती तुटक होते.

उदाहरणादाखल एक कुटुंब धरू. साल १८७५ ते १८९०, ठिकाण लंडन. बाप वारला, आई धडधाकट पण काम पुरेसं नाही, मुलगा ८ वर्षांचा आणि मुलगी ५ वर्षांची. आई मदत मागायला गेली. पुढं काय?

भावंडं वेगळी केली जात का, आणि आईची भेट किती? मुलं वर्कहाऊसमध्येच वाढत की बाहेर कुठं पाठवत, आणि ते कशावरून ठरे? शाळा, जेवण, शिक्षा यांचे लेखी नियम होते का? आणि अशा एखाद्या मुलाचा माग कागदपत्रांतून काढायचा तर सुरुवात कुठून करावी?

कादंबऱ्यांमधली वर्णनं माहीत आहेत. नियम आणि प्रत्यक्ष व्यवहार हवा आहे.

---

टाकबोरू

तुमचं उदाहरण नेमकं अशा काळातलं आहे की आई दारातच अडली असती.

त्याआधीची कित्येक वर्षं लहान मुलं असलेल्या विधवेला बहुतेक ठिकाणी घरबसल्या मदत मिळे: आठवड्याला थोडे शिलिंग आणि पाव. सरकारी मदतीवर जगणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुलं अशी आपल्याच घरात राहत, वर्कहाऊसमध्ये नव्हे. लेखात हे ठळकपणे यायला हवं, कारण वर्कहाऊसचं चित्र इतकं प्रभावी आहे की ही मुलं नजरेआड होतात.

१८७१ मध्ये लोकल गव्हर्नमेंट बोर्ड (युनियनवर देखरेख करणारं केंद्रीय खातं) स्थापन झालं आणि त्याच डिसेंबरात त्यानं घरबसल्या मदतीवर लगाम घालणारं परिपत्रक काढलं. एकच मूल असलेल्या धडधाकट विधवेला घरी मदत देऊ नये. एकाहून अधिक मुलं असतील तर मदत देण्याऐवजी एक-दोन मुलं वर्कहाऊसमध्ये घेऊन आई उरलेल्यांचं भागवू शकते का ते पाहावं, असा त्याचा आशय होता. व्हाइटचॅपल, स्टेपनी, सेंट जॉर्ज-इन-द-ईस्ट या पूर्व लंडनच्या युनियननी तर घरबसल्या मदत जवळजवळ बंदच केली. म्हणजे तुमच्या विधवेला 'मुलगा आमच्याकडे द्या, मुलगी तुम्ही सांभाळा' असं सांगितलं जाण्याची शक्यता बरीच. कुटुंब फोडायला वर्कहाऊसची भिंत लागायचीच असं नाही, ते मंडळाच्या टेबलावरच फुटायचं.

तिघंही आत गेली असं धरलं तर क्रम असा: रिलीव्हिंग ऑफिसरकडे (मदतीचे अर्ज पाहणारा युनियनचा अधिकारी) अर्ज, त्याची किंवा मंडळाची प्रवेशचिठ्ठी, मग रिसीव्हिंग वॉर्ड. तिथं डॉक्टरची तपासणी, अंघोळ, स्वतःचे कपडे काढून घेऊन धुऊन, नाव लावून कोठीत ठेवायचे आणि संस्थेचे कपडे द्यायचे. त्यानंतर वर्गवारी. नियमांत सात वर्ग होते. त्यांतले मुलांचे तीन: ७ ते १५ चे मुलगे एक, ७ ते १५ च्या मुली दुसरा, सातच्या आतली सगळी मुलं तिसरा. तुमच्या कुटुंबातली ५ वर्षांची मुलगी आईच्या वॉर्डात राहू शकली असती आणि नसली तरी आईला तिच्याकडे 'सर्व वाजवी वेळी' जाता येई. ८ वर्षांचा मुलगा मुलग्यांच्या वॉर्डात. त्याच आवारात असलेल्या मुलाला रोज एकदा ठरलेल्या खोलीत भेटू देणं मास्टरवर (वर्कहाऊसच्या प्रमुखावर) बंधनकारक होतं. १८४७ च्या जनरल कन्सॉलिडेटेड ऑर्डरमध्ये (वर्कहाऊसच्या नियमांचा एकत्रित आदेश) हे स्पष्ट लिहिलंय. मुलाला दहा-पंधरा मैलांवरच्या शाळेत पाठवलं की रोजची भेट संपली. मग गार्डियन जी सोय करतील ती.

जेवणाचं थोडक्यात: १८३५ च्या नमुना आहारतक्त्यांत नऊच्या वरच्या मुलांना बाईइतकं माप, आणि नऊच्या आतल्यांना 'विवेकानुसार'. विवेक कुणाचा? तिथल्या अधिकाऱ्यांचा. म्हणून दोन युनियनमधल्या लहान मुलांच्या ताटांत फरक दिसतो. एका तक्त्यावरून सगळ्या इंग्लंडबद्दल लिहू नका.

शिक्षा: त्याच १८४७ च्या ऑर्डरनुसार मुलींना मारायचं नाही, १४ च्या वरच्या मुलांना मारायचं नाही, मारायचं तर फक्त मास्टर किंवा शाळामास्तरनं, मंडळानं मंजूर केलेल्या छडीनं, आणि गुन्ह्यानंतर दोन तास उलटल्यावर, म्हणजे रागाच्या भरात नव्हे. बाराच्या आतल्या मुलाला अंधाऱ्या खोलीत किंवा रात्रभर कोंडायचं नाही. इतकं बारकाईनं लिहावं लागलं, यावरूनच आधी काय चालत असे ते कळतं.

शिकवणी कामाच्या दिवशी किमान तीन तास: वाचन, लेखन, हिशेब, ख्रिस्ती धर्माची तत्त्वं. खरी अडचण शिक्षक टिकण्याची होती. शाळामास्तरला वर्कहाऊसमध्येच राहावं लागे, मास्टरच्या हाताखाली, पगार कमी. चांगला माणूस फार काळ थांबत नसे.

---

सनावळी

टाकबोरूंनी आतलं सांगितलंय. मी बाहेर पाठवण्याबद्दल लिहिते, कारण १८७० नंतरच्या लंडनमध्ये सातच्या वरचं मूल वर्कहाऊसमध्ये फार दिवस ठेवत नसत. यामागं पैशाचंही कारण होतं. १८६७ च्या मेट्रोपॉलिटन पुअर अ‍ॅक्टनं सगळ्या लंडनचा एक सामायिक निधी केला आणि शाळांमधल्या मुलांचा पोसण्याचा खर्च त्यातून मिळू लागला. गरीब युनियनला मूल बाहेरच्या शाळेत पाठवणं परवडू लागलं.

आधीची पद्धत म्हणजे खासगी ठेकेदार. टूटिंगला ड्रुए नावाच्या माणसाच्या आश्रमात १८४८ च्या अखेरीस सुमारे १,४०० मुलं होती, दर मुलामागं आठवड्याला ४ शिलिंग ६ पेन्स. कोंदट खोल्या, अपुरं अन्न. कॉलरा शिरला आणि काही आठवड्यांत सुमारे १८० मुलं गेली. ड्रुएवर एप्रिल १८४९ मध्ये सदोष मनुष्यवधाचा खटला चालला आणि तो सुटला: चांगलं खाऊ-पिऊ घातलेलं मूल कॉलऱ्यातून वाचलंच असतं हे सिद्ध करता आलं नाही. त्यानंतर ठेकेदारी मावळत गेली.

त्या जागी अनेक युनियननी मिळून चालवलेल्या जिल्हा शाळा आल्या: हॅनवेल, सटन, अ‍ॅनर्ली. हजाराच्या घरात मुलं, लांबलचक शयनगृहं. लोक त्यांना बॅरक स्कूल म्हणू लागले. मुलग्यांना शिंपीकाम, चांभारकाम, बँडवादन. मुलींना धुलाई आणि शिवण. बँडमधली मुलं पुढं थेट लष्करी बँडमध्ये जात. चार्ली चॅप्लिन १८९६ मध्ये हॅनवेललाच दाखल झाला होता. त्याचा मोठा भाऊ सिडनी तिथून ग्रेजजवळ नांगरलेल्या 'एक्समथ' या प्रशिक्षण-जहाजावर गेला.

या शाळांची दुखरी नस म्हणजे डोळे येणं आणि गजकर्ण. कारण रोजच्या व्यवहारात होतं: सामायिक टॉवेल, एकाच पाण्यात एकामागून एक अंघोळ, खेटून लावलेल्या खाटा. शंभर बरे करायचे आणि बाहेरून दोन लागण झालेले आले की पुन्हा सुरू. उपाय खर्चिक नव्हता: वाहतं पाणी, प्रत्येकाला स्वतःचा टॉवेल, नव्या मुलाला काही दिवस वेगळं ठेवणं. पण एवढी मुलं आणि इतके थोडे नोकर असताना तो टिकवणं जमेना. १८९७ पासून अशी आजारी मुलं मेट्रोपॉलिटन असायलम्स बोर्डाच्या (लंडनच्या गरिबांची रुग्णालयं चालवणारं मंडळ) वेगळ्या शाळांकडे दिली गेली.

आगीचा धोका वेगळाच. १८९० च्या पहिल्याच दिवशी फॉरेस्ट गेटच्या शाळेत २६ मुलगे दगावले.

जेन नासाउ सीनियर यांचा मुलींवरचा अहवाल (१८७४) जरूर वाचा. ब्रिटिश सरकारी सेवेतल्या त्या पहिल्या वरिष्ठ स्त्री अधिकारी. त्यांचं म्हणणं होतं की मोठ्या शाळांत मुलीला कुणा एका बाईची माया मिळत नाही, घर कसं चालतं तेही दिसत नाही. आणि मग तिला थेट मोलकरीण म्हणून पाठवतात. माझ्या मते त्या शतकातलं या विषयावरचं हे सगळ्यात नेमकं निरीक्षण आहे. कॉटेज होम, म्हणजे एका आवारातल्या छोट्या घरांचा समूह (बर्मिंगहॅमचं मार्स्टन ग्रीन हे सुरुवातीच्यांपैकी), आणि पुढं शेफील्डची १८९३ पासूनची विखुरलेली घरं, ही दोन्ही त्याच दिशेनं जातात. शेफील्डमध्ये साध्या गल्लीतल्या साध्या घरात थोडी मुलं, आणि शाळा शेजारच्या मुलांचीच.

---

दप्तरी

दोघांचेही आभार. एक शंका. १८७० च्या ऑर्डरनं मुलांना खेड्यातल्या कुटुंबांत ठेवायला सुरुवात झाली असं वाचलंय. मग या विधवेच्या मुलांना तसं घर मिळालं असतं का?

---

सनावळी

नाही. त्या ऑर्डरनुसार युनियनबाहेरच्या कुटुंबात फक्त अनाथ आणि टाकून दिलेली मुलं ठेवता येत. एक पालक मेला आणि दुसरा सक्तमजुरीवर, कायमचा मनोरुग्ण किंवा देशाबाहेर असेल तरच तसं मूल अनाथांत धरलं जाई. जिवंत, धडधाकट, मुलांवर जीव असलेली आई हीच इथं आडकाठी. तिची मुलं बॅरक स्कूलमध्ये आणि शेजारचं पोरकं मूल गावाकडच्या घरात, असं व्हायचं. मुलाची गरज काय यापेक्षा ते कोणत्या रकान्यात बसतं यावर त्याचं बालपण ठरायचं. हा सगळा विषय मला इथंच सगळ्यात जास्त बोचतो.

जी मुलं जात त्यांच्यासाठी अटी अशा: पहिल्यांदा पाठवताना वय २ ते १०, भावंडांसाठी सवलत, एका घरात दोनच मुलं, भावंडं असतील तर जास्त, पालक मुलाच्याच धर्मपंथाचे, आठवड्याला जास्तीत जास्त ४ शिलिंग, कपडे-फी-औषध वेगळं, स्थानिक समितीच्या सदस्याची दर सहा आठवड्यांत एक भेट. गडबड व्हायची ती भेटींत. सरदार घराण्यातली बाई दारात येणार हे आधी कळलं की मूल न्हाऊमाखू घातलेलं सापडे. १८८५ मध्ये निरीक्षक झालेल्या मिस मेसन म्हणूनच मुलाचे बूट-मोजे उतरवून पाय पाहत. तोंड घाईत धुता येतं, पायांचा मळ आणि जखमा लपत नाहीत.

---

टाकबोरू

आणखी एक वाट राहिली, 'आत-बाहेर' करणाऱ्या कुटुंबांची. पालक स्वखुशीनं बाहेर पडू शके, पण बाहेर पडताना मुलांना बरोबर न्यावंच लागे. हंगामी काम मिळालं की आई बाहेर, मुलगा शाळेतून परत. काम संपलं की पुन्हा रिसीव्हिंग वॉर्ड. १८७१ च्या कायद्यानं वारंवार असं करणाऱ्यांकडून २४ ते ७२ तासांची आगाऊ सूचना मागता येऊ लागली. अशा मुलाचं शिक्षण कधी सलग व्हायचंच नाही, आणि सनावळींनी सांगितलेला डोळ्यांचा संसर्गही याच वाटेनं शाळेत परत यायचा.

कामाला लागण्याबद्दल: मुली तेरा-चौदाव्या वर्षी मोलकरीण म्हणून, बहुधा एकच नोकर ठेवणाऱ्या छोट्या घरांत. १८५१ चा कायदा लक्षात ठेवा. जेन विल्ब्रेड या वर्कहाऊसच्या मुलीला तिच्या बॅरिस्टर मालकानं उपाशी ठेवून छळल्याचं उघड झालं, त्यानंतर तो आला. सोळाच्या आतल्या, कामावर ठेवलेल्या मुलांची नोंदवही ठेवायची आणि रिलीव्हिंग ऑफिसरनं वर्षातून दोनदा जाऊन पाहायचं, असं त्यात ठरलं. पण हे फक्त जवळच्या अंतरावर. मुलगी लांब गेली की डोळ्याआड.

---

कोठीघर

कागदपत्रांबद्दल लिहितो.

लंडनच्या युनियनची दप्तरं द लंडन आर्काइव्ह्जमध्ये (२०२४ पर्यंतचं नाव लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज), इतरांची त्या-त्या काउंटीच्या अभिलेखागारात. सुरुवात क्रीड रजिस्टरपासून (प्रत्येकाच्या धर्मपंथाची नोंदवही) करा. १८६८ च्या कायद्यानं ती सक्तीची झाली, आणि बहुधा आडनावाच्या आद्याक्षरानं लावलेली असतात. प्रवेश-निर्गम रजिस्टरं तारखेनं लावलेली असतात, नावानं शोधायला गेलात तर महिने जातील. क्रीड रजिस्टरमधून तारीख काढायची, मग प्रवेश-निर्गम उघडायचं. निर्गमाच्या रकान्यात 'शाळेकडे' असेल तर मूल सुटलेलं नाही, फक्त हललेलं आहे. पुढची नोंद त्या शाळेच्या वहीत. आत-बाहेर करणाऱ्या कुटुंबाची एकाच वर्षात अनेक नोंदी निघतात. पहिल्या नोंदीवर थांबू नका. मंडळाच्या इतिवृत्तात साध्या मुलाचं नाव क्वचित येतं. कामावर ठेवणं, परदेशी पाठवणं, तक्रार, एवढ्याच प्रसंगी.

कॅनडाला पाठवलेलं मूल असेल तर १८५० च्या कायद्याप्रमाणं दोन न्यायाधीशांसमोर त्याची संमती घेतली जाई, तेही तपासा. निरीक्षक अँड्र्यू डॉयल यांचा अहवाल इतका प्रतिकूल होता की १८७५ नंतर काही वर्षं युनियनची मुलं तिकडं पाठवणं थांबलं होतं, त्या पोकळीला नोंद हरवली असं समजू नका.

मध्यवर्ती बोर्डाशी युनियनचा पत्रव्यवहार क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एमएच १२ मालिकेत आहे, १८३४ ते १९००. त्यानंतरचा बहुतेक जळाला.

तीन ठिकाणी लोक हमखास फसतात. पहिलं, 'इंडस्ट्रियल स्कूल'. युनियनच्या शाळेलाही हे नाव असे, आणि न्यायालयानं मुलांना जिथं धाडलं त्या शाळेलाही. दोन्ही यंत्रणा पूर्ण वेगळ्या, दप्तरं वेगळी. दुसरं, जनगणना. लंडनचं मूल लंडनमध्ये न सापडता सटन किंवा हॅनवेलला 'स्कॉलर' म्हणून सापडतं, कधी फक्त आद्याक्षरांनी. तिसरं, जन्मदाखला. १९०४ पासून वर्कहाऊसमधला जन्म दाखल्यावर दिसू नये म्हणून साधा रस्ता-क्रमांकाचा पत्ता घालत. पत्ता घरासारखा दिसला तरी त्या रस्त्यावर वर्कहाऊस होतं का, हे जुन्या नकाशावर पाहा.

लेख १९०० च्या पुढं नेणार असाल तर १९१३ चा आदेशही घ्या: तीनच्या वरचं मूल सहा आठवड्यांपेक्षा जास्त वर्कहाऊसमध्ये ठेवायचं नाही. गार्डियन मंडळं १९३० मध्ये गेली, मुलं काउंटी कौन्सिलांकडे आली, पण इमारती बऱ्याच ठिकाणी त्याच राहिल्या. त्यामुळं १९३० नंतरच्या मुलाची फाइल शोधताना आधी संस्थेचं नवं नाव शोधा, मग मुलाचं. आणि अलीकडच्या वह्या १०० वर्षांपर्यंत बंद असू शकतात, अभिलेखागाराला आधी विचारून घ्या.