फायरप्लेससाठी इन्सर्ट घ्यायचाय, कुठला घेऊ? (मदत हवी आहे)

पानगळ
हॉलमध्ये जुनी फायरप्लेस आहे. जाळ केला की समोर बसणाऱ्याचे गुडघे भाजतात आणि पलीकडचा कोपरा उलट जास्तच गार पडतो. इन्सर्ट, म्हणजे फायरप्लेसच्या आत सरकवायची काचेच्या दाराची बंद शेगडी, बसवायचं घरात ठरलंय. दुकानात तीन पाहिले, तिन्ही चांगले वाटले. विक्रेता म्हणतो सगळ्यात मोठा घ्या, लवकर तापेल. थंडी तोंडावर आलीये. कृपया सरळ सांगा, कुठला घेऊ?

वाटसरू
लाकडाचा, गॅसचा, पेलेटचा (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांचा) की विजेचा? हॉल केवढा आहे? फायरप्लेसची मापं?

पानगळ
लाकडाचाच, लाकूड घरचं आहे. हॉल 400 चौरस फूट. तोंड 36 इंच रुंद, 28 उंच, आत 22 इंच खोल. आता सांगा.

जुनाजाणता
पुढचं माप उपयोगाचं नाही. फायरप्लेस मागे निमुळती होत जाते. पुढे 36 असेल तर मागे बऱ्याचदा 24-25च भरते. मागची भिंतही वर जाताना पुढे कललेली असते, म्हणून आत किती खोल आहे ते माप तळाशी एक आणि वर एक, असं दोनदा घ्या. इन्सर्ट अडतो तो तिथेच.

मोठा घेऊ नका. एवढ्या हॉलमध्ये मोठा इन्सर्ट थोड्याच वेळात नकोसा होतो, मग आपण हवेची खिट्टी ओढून जाळ दाबतो. लाकूड धुमसायला लागतं, धूर 120 अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरला की त्यातला डांबरासारखा चिकटा चिमणीला आतून धरतो. तो क्रिओसोट. तो पेटला तर चिमणीत 1000 अंशांच्या वर आग जाऊ शकते. मध्यम घ्या आणि मोकळा जाळा.

ठिणगी
लाकडाच्या फंदात पडूच नका. पेलेटचा घ्या. हॉपर (पेलेटची टाकी) एकदा भरला की रात्रभर बघायला नको, थर्मोस्टॅट लावा आणि झोपा. आमच्याकडे हाच आहे, घरातलं कोणी परत लाकडाचं नाव काढत नाही.

जुनाजाणता
आणि वीज गेली की? पेलेट आत ढकलणारा स्क्रूही विजेवर, पंखाही विजेवर.

ठिणगी
बॅटरी लावता येते. तुमच्या लाकडाच्या इन्सर्टचा ब्लोअर तरी कशावर चालतो?

जुनाजाणता
विजेवरच. पण ब्लोअर थांबला तर ऊब कमी पसरते, जाळ चालूच राहतो. ऐन कडाक्यात वीज जाते तेव्हा हाच फरक जाणवतो.

रानवाट
काच काळी पडली तर ओला कागद राखेत बुडवून घासा. राख चाळून बारीक घ्या, खडा राहिला तर चरे पडतात. काच पूर्ण गार झाल्यावरच.

वाटसरू
रानवाट, त्यांच्याकडे अजून काच आलेली नाही.
पानगळ, चिमणीत लायनर आहे का?

पानगळ
लायनर कशाला? विक्रेता म्हणाला इन्सर्ट आत सरकवायचा, धूर आपोआप वर जातो.

वाटसरू
हे ऐकून काळजी वाटली. इन्सर्टच्या डोक्यापासून चिमणीच्या टोकापर्यंत स्टेनलेस स्टीलचा सलग पाइप लागतो, तोच लायनर, लाकडाच्या बहुतेक इन्सर्टना 6 इंचाचा. उघड्या फायरप्लेससाठी बांधलेली चिमणी खूप रुंद असते. इन्सर्टचा धूर कमी आणि सावकाश. एवढ्या पोकळीत तो गार पडतो, ओढ मरते आणि क्रिओसोट साठतो. चिमणी बाहेरच्या भिंतीवर असेल तर पाइपला इन्सुलेशनही गुंडाळा. आणि डँपरच्या (चिमणीच्या तोंडाशी असलेल्या झडपेच्या) जागी पत्रा ठोकून वरची वाट बंद करून घ्या, नाहीतर हॉलची ऊब पाइपच्या कडेने निघून जाते.

मऊदुलई
विजेचा घ्या ना. लायनर नको, धूर नको, राख नको.

जुनाजाणता
विजेचा साधारण 1500 वॅटचा असतो, म्हणजे कोपऱ्यात ठेवतो त्या हीटरइतकाच. शोभेला ठीक. यांना हॉल तापवायचाय.

रानवाट
लाकूड घरचं म्हणता, पण सुकलंय का? आर्द्रता 20 टक्क्यांच्या आत हवी. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला मीटर टोचा, बाहेरून कोरडंच दिसतं. ओक असेल तर फोडून दोन वर्षं तरी थांबा.

ठिणगी
दोन वर्षं! पेलेटची पिशवी आणा आणि ओता.

रानवाट
सगळ्याला दोन वर्षं लागत नाहीत. हलकं लाकूड फोडून, वरून झाकून, बाजू उघड्या ठेवून रचलं तर एका उन्हाळ्यात तयार होतं.

पानगळ
लाकडाचा प्रश्न नाही हो, ते सुकलेलं आहे. लायनरसाठी आत टॉर्च मारून पाहिलं. वर विटा नाहीतच, पत्र्याचा गोल पाइप दिसतोय. आतल्या भिंती विटांच्या वाटायच्या, पण त्या विटांसारख्या रेघा असलेल्या पाट्या आहेत. बाहेरून चिमणीला लाकडी फळ्या मारल्यात.

जुनाजाणता
थांबा. काहीही विकत घेऊ नका.

ही बांधीव फायरप्लेस नाही, कारखान्यात बनलेला पत्र्याचा डबा आहे, लाकडी चौकटीत बसवलेला. भोवतीचं लाकूड तापू नये म्हणून त्याच्या दुहेरी पत्र्यातून हवा खेळत असते. त्यात जड इन्सर्ट कोंबला, हवेच्या फटी बुजल्या की मागचं लाकूड तापत राहतं. यात तोच इन्सर्ट चालतो जो अशा डब्यासाठी तपासून मान्य झालाय, आणि डब्याच्या कंपनीचीही त्याला परवानगी असली तर. जाळीच्या पडद्यामागे कडेला धातूची पट्टी असते, त्यावरचं सगळं वाचून इथे लिहा.

पानगळ
सापडली, उजव्या कडेला. काजळी पुसावी लागली. मॉडेल नंबर आहे. खाली लिहिलंय की यात इन्सर्ट किंवा न सांगितलेली कुठलीही वस्तू वापरू नये.

जुनाजाणता
मग दुकानातले तिन्ही बाद. लाकूडच हवं असेल तर हा डबा आणि त्याचा पाइप दोन्ही काढून, बंद काचेची नवी फायरप्लेस तिच्या स्वतःच्या चिमणीसकट बसवावी लागेल. काम मोठं आहे. तोवर आहे तीच जाळणार असाल तर आधी चिमणी साफ करून तपासून घ्या, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ आजच लावा.

पानगळ
म्हणजे या थंडीत इन्सर्ट नाहीच?

ठिणगी
इन्सर्ट नाही. पण पेलेटचा सुटा स्टोव्ह हॉलमध्ये दुसरीकडे ठेवता येतो. त्याला ही चिमणी लागतच नाही, 3 किंवा 4 इंचाचा पाइप बाहेरच्या भिंतीतून आडवा काढतात.

जुनाजाणता
यांच्या बाबतीत हे मलाही पटतंय. बॅटरी मात्र घ्याच.

पानगळ
बाहेरची भिंत एकच मोकळी आहे. चालेल?

ठिणगी
त्या भिंतीला खिडकी आहे का? उघडणारी असेल तर पाइपाचं तोंड तिच्यापासून किती लांब हवं ते स्टोव्हच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. बाहेरून फोटो टाका, खिडकी आणि जमीन दोन्ही दिसतील असा.