सूर्य प्रवाळ उमलत नाही

प्रश्न (कोथरूड, पुणे): माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील सूर्य प्रवाळ प्रखर दिवे लावूनही दिवसभर मिटलेलेच असते. काय करावे?

उत्तर १: दिव्यांचा उपयोग नाही, कारण या प्रवाळात प्रकाशावर अन्न तयार करणारे शैवाल नसते. रात्री दिवे मालवून, पंप बंद करून गोठवलेल्या आर्टेमियाचे (माशांना खाद्य म्हणून देतात ते कोळंबीसारखे बारीक जीव) वितळलेले पाणी ड्रॉपरने जवळ सोडावे. अन्नाची चाहूल लागताच नारिंगी नळ्यांतून पिवळे तंतू हळूहळू बाहेर येतात, तेव्हा प्रत्येक मुखाला स्वतंत्र घास द्यावा. काम चिकाटीचे आहे.

उत्तर २: एवढ्या खाद्याने पाण्यातील नायट्रेट (कुजलेल्या अन्नातून साचणारा क्षार) वाढते, म्हणून स्किमर (पाण्यातील घाण फेसासोबत बाहेर काढणारे यंत्र) हवाच. पुण्यातील एप्रिल-मेमध्ये चिलरशिवाय (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राशिवाय) निभाव लागणे कठीण.

उत्तर ३: सूर्य प्रवाळासारख्या दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे, विक्रेत्याकडील कागदपत्रे आधी तपासावीत.