बटणांची लांब ओळ आणि 'जास्त': पियाजे बरोबर की वायगॉट्स्की?

बालवर्ग_५: सहा-सहा बटणांच्या दोन ओळी समोरासमोर मांडायच्या, मग एक पसरवायची आणि जास्त बटणं कुठे ते विचारायचं, हा स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेचा प्रयोग. पाच वर्षांची बरीच मुलं लांब ओळीकडे बोट दाखवतात. तीच मुलं खाऊ मात्र चोख मोजून वाटतात. मग त्यांना संख्या कळते की नाही? मदतीने शिकण्यावर भर देणारा रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की काय म्हणेल?

मणी_माळ: मोजता येणं वेगळं आणि मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे पटणं वेगळं. पियाजेच्या मते हे पटायला साधारण सहावं-सातवं वर्ष उजाडतं. पण प्रयोगातच एक गोची आहे. मोठ्या माणसाने मुद्दाम ओळ हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की मुलाला वाटतं आपलं आधीचं उत्तर चुकलं. १९७४ मध्ये रोझ आणि ब्लँक यांनी ओळ हलवल्यावर एकदाच विचारलं, तर चुका कमी झाल्या. त्याच वर्षी मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी ओळ एका खोडकर टेडीकरवी विस्कटली. तेव्हाही जास्त मुलांनी 'सारखीच' म्हटलं.

आणि 'कुठली ओळ मोठी?' असं चुकूनही विचारू नका, मूल लांबीच सांगणार! 'इथे जास्त बटणं आहेत, तिथे जास्त, की सारखीच?' असं विचारा, पर्यायांचा क्रम बदलत राहा. मधूनच एक बटण खरोखर काढून घ्या. तरीही 'सारखीच' आलं तर मूल नुसतं ठोकून देतंय.

पाटी_पेन्सिल: वायगॉट्स्कीला एकट्याने दिलेलं उत्तर अपुरं वाटेल. मदत पायरीपायरीने द्या: आधी 'पुन्हा बघ', मग समोरासमोरच्या बटणांवर बोट ठेवून जोड्या, शेवटी सोबत मोजणं. कुठल्या पायरीवर जमलं ते लिहून ठेवा. एकट्याने चुकलेल्या दोन मुलांपैकी एकाला पहिल्या इशाऱ्यावर जमतं, दुसऱ्याला तिसऱ्यावरही नाही. पियाजेच्या चाचणीत दोघं सारखीच नापास, इथे मात्र पुढचा धडा वेगवेगळा.

टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) देणाऱ्यांसाठी: अशा पायरीपायरीच्या मदतीला म्हणतात तो 'स्कॅफोल्डिंग' हा शब्द वायगॉट्स्कीचा नाही. तो वारला १९३४ मध्ये. ही कल्पना वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६ च्या लेखातली. गाइडांत सर्रास त्याच्या नावावर खपवतात.

बालवर्ग_५: आमच्या प्रश्नात 'मोठी'च होतं. सगळ्या नोंदी बाद.

मणी_माळ: बाद नको. 'असं का वाटलं?' विचारलं असेल तर ती उत्तरं वाचा. 'तीच तर आहेत, काढली कुठे?' म्हणणारं मूल शब्दाने फसलेलं नाही.