पुण्यात चार दिवस : सिलिॲक असलेल्या मुलीला बाहेर काय खाऊ घालावे?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लूटेन या प्रथिनाने तिच्या आतड्याला इजा होते. पुढच्या महिन्यात लग्नानिमित्त आम्ही नागपूरहून पुण्याला येत आहोत. मागच्या प्रवासात एका उपाहारगृहात "यात गहू नाही" असे सांगून दिलेल्या आमटीनंतर ती दोन दिवस पोट धरून झोपली होती. बाहेर नेमके काय विचारावे?

उत्तर १ : ताई, ती बाधा बहुधा हिंगाची असावी. बाजारातल्या बहुतेक बांधानी (म्हणजे पीठ मिसळून बनवलेल्या) हिंगात मैदा असतो आणि स्वयंपाक्याच्या ते ध्यानातही नसते. म्हणून "गहू आहे का" एवढेच न विचारता हिंग, रवा, मैदा आणि सोया सॉस यांची नावे घेऊन विचारा. थालीपीठ टाळाच, कारण भाजणीत गहू असतो.

उत्तर २ : माझा भर उपवासाच्या पदार्थांवर असतो. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी यांत गहूही नसतो आणि सहसा हिंगही नसतो. मात्र साबुदाणा वडा ज्या कढईत तळतात तिच्यातच सामोसे तळले जात असतील, तर तो मुलीला देऊ नका.

उत्तर ३ : ज्वारीच्या भाकरीबाबत सावध राहा. पीठ गव्हाच्याच गिरणीत दळलेले असते आणि तवाही पोळीचाच असतो. पाकिटावर "ग्लूटेनमुक्त" लिहायचे तर आपल्याकडे किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लूटेनची मर्यादा आहे. तसे पीठ लग्नघरी आधीच पोहोचवा आणि आचाऱ्याशी आदल्या दिवशी स्वतः बोला, कारण पंगतीच्या घाईत कोणी ऐकून घेत नाही.