बी-२०४ चा एसी: वारा येतोय, गारवा नाही

बी-२०४ (काकू): सी विंगचे दादा, आहात का? हॉलचा एसी नुसता वारा टाकतोय, बाहेरचं युनिट सुरूच होईना. ह्यांचं ऑपरेशन होऊन आठवडा झालाय, उकाड्यानं डोळ्याला डोळा नाही.

ए-१०१ (काका): गॅस संपला असणार वहिनी. भरून टाका.

सी-३०१: काका, गॅसचं आत्ताच नको. गॅस कमी असला तरी साध्या एसीचा कॉम्प्रेसर (बाहेरच्या युनिटातला गॅस दाबणारा पंप) बहुतेक वेळा चालतो, फक्त गार करत नाही. इथं युनिटच गप्प आहे. काकू, साधा आहे का इन्व्हर्टर? रिमोटवर बर्फाची खूण आहे ना?

बी-२०४ (काकू): साधा. खूण आहे, २४ वर आहे.

सी-३०१: १८ वर आणा आणि पाच मिनिटं अजिबात हात लावू नका. कॉम्प्रेसर थांबला की दाब समान व्हायला साधारण ३ मिनिटं लागतात, तोवर बोर्ड (एसी चालवणारं आतलं सर्किट) त्याला सुरू करत नाही. आतल्या युनिटातून ‘टक्’ असं वाजतंय का तेवढं ऐका; बोर्डानं कॉम्प्रेसरला बोलावलं की ते वाजतं.

ए-४०२: विश्रामबागेत संध्याकाळी व्होल्टेज पडतंय. स्टॅबिलायझर बघा की.

बी-२०४ (काकू): स्टॅबिलायझर २२६ दाखवतोय. टक् काही आलं नाही. टायमरचा दिवा सारखा लुकलुकतोय.

सी-३०१: मग व्होल्टेज नाही. टक् वाजून बाहेरचं युनिट नुसतं घुमलं असतं तर कपॅसिटर (मोटर सुरू करायला जोर देणारा भाग) गेलाय म्हटलं असतं. इथं बोर्ड कॉम्प्रेसरला बोलवतच नाही. सर्व्हिसिंग कधी केलं?

बी-२०४ (काकू): परवाच. जाळी काढून सगळं धुतलं.

सी-३०१: खोलीचं तापमान मोजणारा सेन्सरच बघायला लावा. जाळीमागं वायरच्या टोकाला मण्याएवढा असतो. खोली जितकी गार, तितका त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) जास्त. धुताना त्याची पिन सुटली की बोर्डाला वाटतं खोली बर्फासारखी गार आहे, कशाला कॉम्प्रेसर लावायचा? काही बोर्ड दिवा लुकलुकवून तेच सांगतात. तुम्ही उघडू नका हं. एमसीबी पाडा आणि त्याच मेकॅनिकला बोलवा. फोनवर ‘गॅस’ म्हणाला तर आधी सेन्सर मीटरवर मोजायला सांगा. २५ अंशाला बहुतेक ५ किंवा १० किलोओहमचा असतो, मुठीत धरला की आकडा उतरला पाहिजे.

ए-१०१ (काका): हे बरं सांगितलंत. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडं थेट गॅसच भरला.

बी-२०४ (काकू): आला होता. बोर्डावरची पिन अर्धी बाहेर होती. दाबल्यावर टक् वाजलं आणि युनिट सुरू! गॅसला हात लावू दिला नाही.

सी-३०१: छान झालं. सेन्सर क्लिपमध्ये बसवलाय ना? आतल्या गार नळ्यांच्या कॉइलला टेकला तर लगेच गार होतो आणि एसी सारखा बंद पडतो.

बी-२०४ (काकू): हो, टॉर्च लावून दाखवायला लावलं. हे झोपलेत आता.